उभयान्वयी शब्द पाठ करून येत नाहीत

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

गेल्या बुधवारी आपल्या दैनिकाच्या विद्यार्थी पानावर दहावीच्या इंग्रजी व्याकरणाचं मार्गदर्शन छापून आलं. त्यात ‘कंजंक्शन’ म्हणजे उभयान्वयी अव्ययांची एक चौकट होती. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ, असे २४ शब्द. चौकटीखाली ‘इंटरजेक्शन’ म्हणजे केवलप्रयोगी अव्ययांना अडीच ओळी, आणि शेवटी सूचना : हा भाग सोपा आहे, पाठ करा, गुण हमखास मिळतील. माझ्याकडे शिकवणीला येणाऱ्या एका मुलीनं ती चौकट कापून वहीत चिकटवली आणि मोठ्या आनंदानं मला आणून दाखवली. तेव्हापासून ते कात्रण माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. २४ पैकी दोन अर्थ चुकीचे आहेत, आणि त्या दोन अर्थांमुळे होणाऱ्या चुका मी रोज संध्याकाळी लाल पेनानं खोडत असते. पत्र लांबेल, पण विषय मुलांचा आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. मी भाषेची प्राध्यापक नाही. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत २७ वर्षं परदेशी पत्रव्यवहार सांभाळला. आधी टाइपरायटर, मग टेलेक्स, फॅक्स, आणि शेवटी ईमेल. निवृत्त झाल्यावर मंगळवार पेठेतल्या आमच्या जुन्या घराच्या सोप्यात संध्याकाळी मुलांचं इंग्रजी घेते, त्याला आता ९ वर्षं झाली. सध्या १४ मुलं आहेत, सगळी मराठी माध्यमाची. कुणाचे वडील उद्यमनगरात लेथवर आहेत, कुणाचे गुजरीत चांदीकामाला, एकाचे दुधाच्या गाडीवर चालक. मी स्वतः पाचवीत पहिल्यांदा एबीसीडी गिरवली. या मुलांना २००० सालापासूनच्या नियमाप्रमाणे पहिलीपासून इंग्रजी आहे. तरी दहावीत आल्यावर ती नेमकी कुठं अडखळतात? शब्दांत नाही. शब्द त्यांना माझ्यापेक्षा जास्त येतात. दोन वाक्यं जोडायची वेळ आली की अडतात.

आता ती चूक जवळून दाखवते. गेल्या जुलैत पंचगंगा चढत होती. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीवर गेलं की आमच्याकडं सगळ्यांचे कान तिकडं लागतात, ४३ ही धोक्याची पातळी. शाळेला सुट्टी होती. पूर ओसरल्यावर मुलांना मी एकच वाक्य इंग्रजीत लिहायला दिलं : ‘पुराचं पाणी आलं म्हणून शाळा बंद होती.’ १४ पैकी ६ वह्यांत हे उत्तर आलं : ‘फ्लड वॉटर केम बिकॉज द स्कूल वॉज क्लोज्ड.’ म्हणजे शाळा बंद होती, त्यामुळे गावात पूर आला! आठवीतल्या एका मुलीला मी विचारलं, हे कसं लिहिलंस सांग. तिनं मराठी वाक्यावर बोट ठेवत ठेवत सांगितलं. ‘पुराचं पाणी आलं’ – फ्लड वॉटर केम. ‘म्हणून’ – बिकॉज. ‘शाळा बंद होती’ – द स्कूल वॉज क्लोज्ड. एकेक शब्द बरोबर, आणि वाक्य उफराटं.

आपल्या चौकटीतही ‘बिकॉज’समोर ‘कारण, म्हणून’ असेच दोन अर्थ छापले आहेत. ‘कारण’ बरोबर आहे. ‘म्हणून’ नाही. हा अर्थ रुजला कसा तेही कळतं. ‘अमुक झालं म्हणून तमुक झालं’ याचं इंग्रजी करताना ‘बिकॉज’ येतो खरा, पण तेव्हा वाक्याचे दोन्ही तुकडे जागा बदलतात. मराठी ‘म्हणून’ कारणाच्या पाठीमागे उभा राहतो आणि तोंड परिणामाकडं करतो. ‘बिकॉज’ कारणाच्या पुढं उभा राहतो आणि तोंडही कारणाकडंच करतो. मी त्या मुलीला वहीत दोन बाण काढून दिले. ‘म्हणून’मधून बाण उजवीकडं, शाळेकडं. ‘बिकॉज’मधूनही बाण उजवीकडंच, पण तिथं आता पाणी यायला पाहिजे. मग तिनं स्वतःच लिहिलं, ‘द स्कूल वॉज क्लोज्ड बिकॉज फ्लड वॉटर केम.’ आणि ‘म्हणून’च जागेवर ठेवायचा असेल तर इंग्रजीत त्याला ‘सो’ आहे : ‘फ्लड वॉटर केम, सो द स्कूल वॉज क्लोज्ड.’ पंधरा मिनिटं लागली. ती चूक तिनं परत केलेली नाही.

खरं म्हणजे आपला ‘म्हणून’ फार कामाचा शब्द आहे. ‘पाणी आलं म्हणून शाळा बंद’ इथं तो परिणाम सांगतो. ‘पास व्हावं म्हणून अभ्यास करते’ इथं हेतू सांगतो, इंग्रजीत तिथं ‘सो दॅट’ लागेल. ‘उद्या येतो म्हणून सांगितलं’ इथं बोलण्यातला मजकूर सांगतो, तिथं ‘दॅट’. आपल्या मराठी व्याकरणात या तिन्हींना परिणामबोधक, उद्देशबोधक, स्वरूपबोधक अशी वेगवेगळी नावं आहेत, आणि मुलं ती मराठीच्या तासाला शिकतात. एका शब्दाची तीन कामं तिथं समजली असली, तर इंग्रजीतले तीन शब्द आपोआप तीन खणांत बसतात. पण मराठीचा तास संपला की ती वही बंद होते, आणि पुढच्या तासाला ‘कंजंक्शन’ असं आणतात जणू ही वस्तू कोल्हापुरात आजवर कुणी पाहिलीच नव्हती.

‘की’चंही तसंच. ‘चहा घेणार की सरबत?’ इथं तो विकल्प आहे, इंग्रजीत ‘ऑर’. ‘बाबा म्हणाले की गाडी उशिरा येणार’ इथं ‘दॅट’. आणि आपल्याकडं पाहुणा दारात आला की आपण म्हणतो, ‘या की! बसा की ओ!’ या ‘की’ला इंग्रजीत शब्दच नाही. तो आवाजात आहे, आग्रहात आहे. एका मुलानं एकदा खरंच ‘सिट दॅट’ लिहिलं होतं. त्याला मी रागावले नाही. त्यानं ‘की’ला ‘दॅट’ असं पाठ केलं होतं आणि पाठ केलेलं इमानदारीनं वापरलं होतं. दोष पाठ करायला लावणाऱ्या यादीचा.

जोड्यांचा घोळ याच्याच पोटातला. मराठीला जोडीनं बोलायची सवय आहे. जर-तर, जरी-तरी, जेव्हा-तेव्हा, जसं-तसं. एक आला की दुसरा मागोमाग येतो, नाहीतर वाक्य लंगडं वाटतं. इंग्रजी बहुतेक वेळा एकाच गाठीवर काम भागवते. म्हणून आमची मुलं लिहितात, ‘ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट वुई वेंट टू रंकाळा.’ ‘ऑल्दो’ म्हणजे जरी, ‘बट’ म्हणजे तरी किंवा पण, दोन्ही ठेवले की त्यांना बरं वाटतं. दोन्हींतला एक काढला की वाक्य शुद्ध होतं, कुठलाही काढा. जुन्या इंग्रजी लिखाणात ‘दो’बरोबर ‘येट’ यायचा आणि अजूनही कुठं कुठं दिसतो, पण ‘ऑल्दो’बरोबर ‘बट’ नाही. इंग्रजीच्या स्वतःच्या खऱ्या जोड्या वेगळ्या आहेत : आयदर-ऑर, नायदर-नॉर, बोथ-अँड, नॉट ओन्ली-बट ऑल्सो. त्या फोडायच्या नसतात.

बोर्डाच्या परीक्षेत वाक्यरूपांतराचा प्रश्न हमखास येतो, त्यात ‘नो सूनर’ आणि ‘दॅन’ ही जोडी असते. मुलांना नियम सांगितलेला असतो : ‘नो सूनर’ दिसलं की ‘दॅन’ टाका, ‘हार्डली’ दिसलं की ‘व्हेन’ टाका. का, ते सांगितलेलं नसतं. ‘सूनर’ हा ‘सून’चा तुलनेचा प्रकार आहे, ‘अधिक लवकर’. तुलना आली की ‘पेक्षा’ येणारच, आणि ‘पेक्षा’ म्हणजे ‘दॅन’. ‘नो सूनर डिड द बस रीच रंकाळा स्टँड दॅन इट बिगॅन टू रेन’, म्हणजे पाऊस सुरू होण्यापेक्षा बस पोचणं काही अधिक लवकर झालं नाही, दोन्ही एकदमच. ‘हार्डली’त तुलना नाही, ‘जेमतेम’ आहे : बस जेमतेम पोचली तेव्हा पाऊस आला, म्हणून ‘व्हेन’. एवढं सांगितलं की नियम पाठ करायचा राहतच नाही.

आता चौकटीतली दुसरी चूक. ती माझ्या जिव्हारी लागली, कारण त्याच चुकीनं माझ्या हातून एकदा मोठं नुकसान झालं आहे. आपण ‘अनलेस’चा अर्थ छापलाय, ‘जोपर्यंत नाही तोपर्यंत’.

नोकरीच्या सहाव्या वर्षातली गोष्ट. परदेशातल्या एका गिऱ्हाइकाचा फॅक्स आला. १२० कास्टिंग तयार होती, एकेक नग ११ किलोचा. फॅक्समध्ये शेवटची ओळ होती, ‘शिप द बॅलन्स ऑन फ्रायडे अनलेस यू हिअर फ्रॉम अस.’ डिस्पॅचच्या माणसानं मला विचारलं, काय म्हणतोय? मी त्या वेळी हाच अर्थ पाठ केलेला होता. मी सांगितलं, त्यांच्याकडून जोपर्यंत निरोप येत नाही तोपर्यंत पाठवू नका. शुक्रवार गेला, पुढचा सोमवारही गेला. आम्ही निरोपाची वाट बघतोय, ते मालाची वाट बघताहेत. ओळीचा खरा अर्थ अगदी उलटा होता : आमचा काही वेगळा निरोप आला नाही, तर शुक्रवारी माल रवाना करा. बुधवारी त्यांचा फोन आला तेव्हा त्यांचं काम बंद पडलं होतं. समुद्रानं जायचा सव्वातेराशे किलो माल विमानानं पाठवावा लागला, आमच्या खर्चानं. मालकांनी मला शब्दानं दुखावलं नाही. पण त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी तो फॅक्स घेऊन बसले आणि ‘अनलेस’ची जागा ‘इफ नॉट’नं बदलून बघितली. लख्ख उजेड पडला. ‘अनलेस’ म्हणजे ‘जर … नाही, तर’. त्यात काळ नाही, अट आहे. ‘तोपर्यंत’ हा काळाचा शब्द आहे, तो ‘अनटिल’चा. मराठी अर्थात आपण दोघांना एकाच दावणीला बांधतो, म्हणून मुलांच्याच नव्हे तर मोठ्यांच्या तोंडीसुद्धा ‘अनटिल अँड अनलेस’ असा जोडशब्द सरसकट असतो. ‘अनटिल’ची आणखी एक खोच आहे. मराठीत आपण म्हणतो, ‘मी येत नाही तोपर्यंत थांब.’ त्यातला ‘नाही’ घेऊन मुलं लिहितात, ‘वेट अनटिल आय डू नॉट कम.’ इंग्रजीत ‘अनटिल’नं ती मर्यादा आधीच घातलेली असते, ‘नॉट’ लागत नाही : ‘वेट अनटिल आय कम.’

त्या फॅक्सची गोष्ट मी प्रत्येक नव्या तुकडीला सांगते. १२० नग, ११ किलो, विमानाचं भाडं, सगळं. ‘अनलेस’ त्यांच्या लक्षात राहतो, कारण त्याला वजन मिळतं.

दुधाच्या गाडीवर ज्याचे वडील आहेत त्या मुलासाठी माझ्याकडं आणखी एक खरी गोष्ट आहे, आणि ती ‘ऑर’ची आहे. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या कायद्यात जादा कामाचा मोबदला कुठल्या कामांना मिळणार नाही याची यादी होती. डबाबंद करणं, प्रक्रिया, गोठवणं, वाळवणं, साठवणं अशी एकेक कामं स्वल्पविराम देऊन लिहिली होती, आणि यादीच्या शेवटी ‘पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन’ असं होतं. ‘ऑर’च्या आधी स्वल्पविराम नव्हता. मग ‘डिस्ट्रिब्यूशन’ हे वेगळं काम, की ‘शिपमेंट’सारखाच पॅकिंगचा एक हेतू? एका डेअरीचे चालक म्हणाले, आम्ही पॅकिंग करत नाही, आम्ही माल पोचवतो, म्हणजे या यादीत आम्ही येत नाही, आमचे पैसे द्या. २०१७ मध्ये अपील न्यायालयानं त्यांचं म्हणणं मान्य केलं आणि २०१८ मध्ये ५० लाख डॉलरवर तडजोड झाली. एक उभयान्वयी शब्द आणि त्याच्या आधीचा न दिलेला स्वल्पविराम, एवढ्यावर! आपल्या जिल्ह्यात दुधाची गाडी कुठल्या गावाला जात नाही? तो मुलगा ही गोष्ट घरी वडिलांना सांगून आला आणि दुसऱ्या दिवसापासून ‘ऑर’ लिहिताना हात थांबवून विचार करायला लागला.

अनेक शिक्षक सात मुख्य शब्दांची आद्याक्षरं जुळवून ‘फॅनबॉइज’ असा शब्द लक्षात ठेवायला देतात : फॉर, अँड, नॉर, बट, ऑर, येट, सो. क्लृप्ती वाईट नाही. पण त्यातला ‘फॉर’ कारण सांगणारा आहे, ‘साठी’ नव्हे, आणि तो आता पुस्तकी झाला आहे. ‘येट’ म्हणजे ‘तरीही’, आणि दुसऱ्या वाक्यात तोच ‘अजून’. शब्द कुठं बसलाय ते बघितल्याशिवाय तो कोण आहे ते कळत नाही. ‘बिफोर द बेल’ इथं ‘बिफोर’ शब्दयोगीसारखा नामाला चिकटतो. ‘बिफोर द बेल रँग’ इथं त्याच्यामागे पूर्ण वाक्य आहे, म्हणून तो उभयान्वयी. ‘सिन्स २०१९’ म्हटलं की आमच्या मुलांना महापूरच आठवतो, तिथं तो शब्दयोगी. ‘सिन्स वुई हॅड नो बोट’ म्हटलं की ‘होडी नव्हती म्हणून’, तिथं तो कारण सांगणारा उभयान्वयी. आणि ‘अँड’ किंवा ‘बट’नं वाक्य सुरू करूच नये ही शिस्तही फार कडक करू नये असं मला वाटतं. १६११ सालच्या इंग्रजी बायबलच्या पहिल्याच अध्यायात ओळीमागून ओळ ‘अँड’नं सुरू होते.

आता केवलप्रयोगींकडं येते. त्यांना आपण अडीच ओळी दिल्या. ‘अलास म्हणजे अरेरे, हुर्रा म्हणजे हुर्रे’, आणि उदाहरणाला कुणीतरी मेलेला माणूस. मी शाळेत होते तेव्हाही ‘अलास’समोर कुणीतरी मेलेलंच असायचं. आज इंग्रजी बोलणारा माणूस जवळचं कुणी गेलं तर ‘अलास’ म्हणत नाही. तो शब्द आता कवितेत आणि जुन्या पुस्तकांत उरला आहे. मुलांनी तो ओळखावा, जरूर. पण त्यांना ‘ओह’, ‘आउच’, ‘ऊप्स’, ‘वेल’, ‘हे’ हे रोजचे शब्द कोण शिकवणार?

हा भाग सोपा आहे असं आपण छापलंत. मला तो सगळ्यांत अवघड वाटतो. नावच बघा. उभयान्वयी म्हणजे दोन्हींचा अन्वय लावणारा. केवलप्रयोगी म्हणजे ज्याचा वाक्याशी अन्वयच नाही, जो केवळ उच्चारला जातो. ‘इंटरजेक्शन’ हा मूळ लॅटिन शब्दही ‘मध्येच फेकलेला’ असंच सांगतो. ग्रीक व्याकरणकार यांना क्रियाविशेषणांत मोजत, रोमन लोकांनी त्यांची वेगळी जात केली. वाक्यात सगळे शब्द एकमेकांना धरून चालतात, हा एकटा बाहेर उभा राहून ओरडतो. त्याला काळ नाही, लिंग-वचन नाही. भाषांतर करायला गेलं तर धरायला काही हाती लागत नाही.

आमच्या सोप्याचा दगडी उंबरा उंच आहे. दर महिन्याला एखाद्या नव्या मुलाच्या अंगठ्याला तो लागतोच. मूल काय ओरडतं? ‘आई गं!’ कधी ‘आयाया!’ इंग्रज पोरगं तिथं ‘आउच’ म्हणेल, त्यात आई नाही. मुलांना मी विचारते, खासबागेत पैलवानानं डाव मारला की लोक काय ओरडतात? ‘वाऽ रे पठ्ठ्या!’, ‘शाब्बास!’ मग ‘ब्राव्हो’ आणि ‘वेल डन’ सांगते. ‘ब्राव्हो’ इटालियनमधून इंग्रजीत आला हेही सांगते. टेलिफोनवरचा ‘हॅलो’ तर मुलांना मराठीच वाटतो. टेलिफोन नवा होता तेव्हा ग्रॅहम बेल यांना ‘अहॉय’ हा खलाशांचा पुकारा पसंत होता, आणि १८७७ मध्ये एडिसन यांनी ‘हॅलो’ सुचवला. पुढं तोच मंगळवार पेठेपर्यंत आला.

पण एका ठिकाणी या शब्दांनी माझ्या एका मुलाचा घात केला. बारावी झालेला, हुशार, मेहनती. एका हॉटेलात स्वागतकक्षावर लागला. पहिल्या आठवड्यात परदेशी पाहुणे किल्ली विसरून निघाले, आणि यानं मागून हाक मारली, ‘हे सर!’ त्याच्या मनात होतं, ‘अहो साहेब!’ पाहुण्यांना वाटलं पोरगं उद्धट आहे. तक्रार झाली. तो माझ्याकडं आला तेव्हा त्याचा चेहरा पडलेला होता. म्हणाला, ‘बाई, मी तर आदरानं बोललो.’ खरंच आदरानं बोलला होता. आपल्या अरे, अगं, अहो या तीन हाकांमध्ये समोरचा पुरुष की बाई, लहान की थोर, सगळं भरलेलं असतं. ‘हे’ या हाकेत त्यातलं काहीच नाही. ती मित्राला चालते. आदर दाखवायचा तर इंग्रजीत ‘एक्सक्यूज मी, सर’ म्हणावं लागतं, जे केवलप्रयोगींच्या कुठल्याच यादीत नसतं.

‘ओ’चंही असंच. कोल्हापुरात आपण ‘ओ काका!’, ‘ओ मावशी!’ अशी हाक घालतो, त्यात आपुलकी असते. मुलं ते ‘ओह अंकल’ असं लिहितात. इंग्रजी वाचणाऱ्याला वाटतं, काका आले म्हणून हा उसासा टाकतोय. इंग्रजीतही पूर्वी नुसता ‘ओ’ हाकेसाठी होता, प्रार्थनेत आणि कवितेत अजून आहे. ‘ओह’ हा भावनेचा. हा एवढा फरक जरी सांगितला, तरी आपली मराठी हाक आणि त्यांची जुनी हाक मुलांना शेजारी शेजारी दिसते. ‘वेल’ शब्दाचं तर विचारू नका. ‘वेल, आय डोन्ट नो’ याचं ‘छान, मला माहीत नाही’ असं मराठी मी तीन वह्यांत वाचलं आहे. तिथला ‘वेल’ म्हणजे आपला ‘अं…’. आणि भावना हलकी असेल तर पुढं स्वल्पविराम, तीव्र असेल तर एकच उद्गारचिन्ह. तीन तीन चिन्हं देऊन दुःख तिप्पट होत नाही.

संपादक महोदय, या सगळ्याला वाट आपल्याच घरात आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, मराठीचं व्याकरण लिहिलं तेव्हा इंग्रजी व्याकरणाची धर्ती त्यांच्यासमोर होती. म्हणून तर आपल्याही शब्दांच्या जाती आठ आणि इंग्रजीच्याही आठच मोजल्या जातात. नामासमोर नाम, उभयान्वयीसमोर उभयान्वयी. मराठी माध्यमाच्या मुलाच्या हातात ही किल्ली आधीपासून आहे. याच कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. ज्यांच्या घरात तोवर पाटी आली नव्हती त्यांच्या पणतू-पणत्या आज माझ्यासमोर बसतात. त्यांना इंग्रजीचे तुकडे पाठ करायला देऊन सोडून देणं मला पटत नाही.

माझी विनंती एवढीच. विद्यार्थी पानावर शब्दांऐवजी वाक्यं छापा. मराठी वाक्य आणि इंग्रजी वाक्य शेजारी शेजारी, आणि कुठला तुकडा कुठं सरकला ते बाणानं दाखवा. उदाहरणं पुराची द्या, ऊसदराची द्या, मॅचची द्या. माझ्याकडं ९ वर्षांच्या मुलांच्या चुकांच्या ५ वह्या आहेत. नावं झाकून त्या मी आपल्या कार्यालयात आणून द्यायला तयार आहे, मोबदला नको. त्यातली एकेक चूक घेऊन दर बुधवारी चार ओळी लिहिल्या तरी परीक्षेपर्यंत पुरतील.

पण त्याआधी, येत्या बुधवारी, ‘बिकॉज’समोरचा ‘म्हणून’ आणि ‘अनलेस’समोरचा ‘तोपर्यंत’ हे दोन शब्द कृपया दुरुस्त करून छापावेत. ज्या मुलीनं ती चौकट वहीत चिकटवली आहे, तिला मी अर्थ समजावला, पण ती म्हणाली, ‘बाई, पेपरात आलंय ते खोडू कसं?’ तिनं समोरचं पान दुरुस्तीसाठी कोरं ठेवलं आहे.

आपली नित्य वाचक,
निवृत्त पत्रव्यवहार लिपिक,
मंगळवार पेठ, कोल्हापूर